हळदीत हल्ला नाही

बेलापूरला दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे कुंदन आणि झैद उभे होते. बहिणीच्या लग्नामुळे कुंदनने दोन दिवस गेम उघडला नव्हता.

"झैद, किल्ला ऱ्हायलाय का रं माझा?"

"मागच्या वेळी काय झालेलं?"

"ऑफिशियल सर्व्हरवर? मी काकाच्या हळदीत नाचतोय, तिकडं कोनीतरी भिंती फोडून कोंबड्यापन नेल्या. तक्रार केली, तर उत्तर आलं, 'खेळाचा आनंद घ्या.'"

"म्हणून तर बोललेलो, आपल्या पोरांच्या सर्व्हरवर ये."

"पन तो चालतो तुझ्या मावशीच्या, नफिसाखालाच्या झेरॉक्सच्या दुकानात! अ‍ॅडमिनपन तीच. तिला गेममधली बंदूक तरी उचलता येते का?"

"नाही. पण तू ग्रुपवर टाकलेली पत्रिका तिने वाचली. हळद आणि लग्न, दोन्ही दिवस हल्ले बंद."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"एकट्या तेजसने तुझं दार फोडलं. खालाने त्याच्याकडून नवीन बसवून घेतलं, वर तुझ्या कोंबड्यांना दाणे टाकायला लावले."

"म्हंजे किल्ला हाय!"

"आहे, पण आत शिरता येणार नाही. सगळ्यांनी दारातच आहेर ठेवलाय."

"काय दिलंय?"

"कुऱ्हाडी. बावीस जणांनी बावीस."

"चालतंय रं, चालतंय. झैद, तुझं लग्न कधी? आहेर तयार हाय."