बेसमेंटमधला होकार

आमच्या सईचं लग्न कसं जमलं, सांगते. मुलगा इथे कॅनडात, विंडसरलाच कारच्या प्लांटमध्ये वेल्डर, म्हणून आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे सईचे बाबा, अडून बसलेले. २०१६च्या विंटरमध्ये एका रविवारी मी मुद्दाम बेसमेंटमध्ये जुना अमेरिकन सिनेमा लावला. बंगल्यातली शाळकरी मुलगी, गॅरेजमधला पोरगा आणि आडवा आलेला तिचा बाप. ह्यांना सिनेमाशी भांडायची सवय. बापाने पोराच्या तोंडावर दार लावलं, तसे हे टीव्हीवर खेकसले, "अरे गाढवा, पोरगा कष्टाळू आहे, पोरीला आवडलाय, तुझं काय जातंय?"

मी सिनेमा थांबवला आणि जिन्यातून हाक मारली, "सई, त्याला जेवायला बोलाव. बाबा हो म्हणाले."

वरून उत्तर आलं, "ही इज ऑलरेडी हिअर, आई. आपल्या ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल करतोय."

 हे पडद्यावरच्या बापाला म्हणाले, "बघ, मी काय सांगत होतो तुला?"