माझ्या फोनची बॅटरी कोण खातं?

तुम्ही हसा खुशाल, पण मला अजून राग येतो. आमची ईरा लहान असताना आम्ही जर्मनीत आखनला, हॉलंडच्या सीमेला अगदी खेटून राहायचो. मी दिवसभर घरी आणि माझा मोबाइल दुपारीच गतप्राण! एकदा किंडरगार्टनमध्ये ईराला ताप चढला, बाईंनी फोनवर फोन केले आणि माझा बंद. नेहमीच्या वेळी न्यायला गेले तेव्हा पोर रडून रडून झोपली होती.

माझा नवरा निखिल म्हणाला, "तू सारखी फोन काढून बघतेस ना, कुणाचा आला का म्हणून? त्यानेच संपते बॅटरी."

बघत तर होतेच मी. तरीही नवी बॅटरी आणली, तिचीही तीच गत. मग पीएचडीवाल्या नवऱ्याने प्रयोग केला. माझा फोन एक दिवस लॅबमध्ये नेला आणि संध्याकाळी जवळजवळ भरलेली बॅटरी दाखवत आला.

"बघ! फोन ठणठणीत आहे. दोष वापरणाऱ्यात आहे."

"आल्झो, बरं तर," मी जर्मन झाडत म्हटलं, "उद्या तुझा फोन घरी ठेवून जा."

मी तो फडताळावर ठेवला आणि शपथेवर सांगते, हात लावला नाही. येता-जाता नुसतं बघत होते. स्क्रीनवर घटकेत जर्मन कंपनीचं नाव, घटकेत डच. बिचारा घरबसल्या दिवसभर दोन देशांत नेटवर्क शोधत हिंडत होता. चहाच्या वेळेला त्यानेही मान टाकली.

संध्याकाळी निखिलने फोन उचलला, बटणं दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

"काय केलंस तू माझ्या फोनला?"