बोटं न दाबलेला गोळा

जुईनगरच्या चक्कीवर रांग हलेना, म्हणून हेतलच्या कानावर पुढच्या दोघींचं बोलणं आपसूक पडत होतं. एक तरुण मैना, दुसरी तिची चुलतसासू सुमित्राबाई.

"सासूला जाऊन महिना नाय झाला, न् तू पाव कसले भाजतेस गो?"

"गव्हा-नाचनीचे, काकी. आजी गेल्यापासून माझी रुतिका वरन-भाताला तोंड लावत नाय. पाव तरी खाईल म्हटलं. कनीक रातभर फुगत ठेवावी लागते."

"गोळ्यावर बोटं दाबलीस ना?"

"नाय. दाबली तर बसतो तो."

"येडी हायस? गुळगुळीत गोळा म्हंजे पिंड. मेलेलं मानूस जेवायला येतं."

"आल्या ना सासूबाई. परवा सकाळी गोळ्यावर तीन बोटं उठलेली."

"तीनच?"

"चौथं पावने गावातल्या कारखान्यात मशीननं खाल्लं व्हतं ना त्यांचं. मालक साधा बघायला पन आला नाय, मेला."

"अगो बाई! फेकलास ना गोळा?"

"भाजला. रुतिकानं अख्खा पाव खाल्ला."

"आज तू सोता बोटं दाब. मग नाय येनार ती."

"परवा राती दाबली व्हती. तरी काल पाव झकास झाला. पोरीनं वास पन घेतला नाय. उपाशी झोपली."

"मग भगताला बोलवू या."

"बोलवा. त्यांना हाकला. मंग माझ्या पोरीला कोन भरवनार, तुमचा भगत?"

मैनाचा नंबर आला. चक्कीवाल्या हितेशनं तिचा डबा उचलला.

"ताई, नेहमीसारखं बारीक?"

"नको. जाडसर दळ. सासूबाईंना बारीक आवडत नाय."