शकूचा दाखला

— नाय सर, ते मला सांगू नका. तुमच्या कालेजच्या वर्गात बारा पोरं म्हंजे वाईट, असं मी म्हटलंच नाय. मी इचारलं, बाराच का? आता तुमीच सांगताय, वीस भरली नाय तर आर्टसचा वर्ग मोडणार — म्हणून तर एवढे शिकलेले प्रोफेसर असून चिखलातनं सायकल ढकलत कडावला आलात. बसा. त्या पोत्यावर नको, ओलं हाय ते, इकडं उंबऱ्यापाशी बसा. माझे हात बरबटलेत, लावणीतनं आत्ता येतेय, तांब्या तुमीच उचला. चालतं ना आमच्याकडचं पाणी? — तसं नाय हो, इचारावं लागतं. मागं एक मास्तर आलते शाळेचे, ते म्हणाले मला तहान नाय, आणि नाक्यावरच्या हाटेलात जाऊन दोन गिलास प्याले. पोरांनी बघितलं ना! तुमी प्यालात. बरं वाटलं.

माझी शकू घरात नाय. तिलाच भेटायचं होतं ना तुमाला? कर्जतला गेलीय, हायस्कुलात, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी. आजची पाचवी खेप. दाखल्याबिगर कुठलंच कालेज उभं करत नाय म्हणं, ना तुमचं ना मुंबईचं. हां, मुंबईचं — तिला मुंबईचंच पायजे. अकरावी, म्हंजे मॅट्रिक पास झाली तेव्हापासनं एकच धोशा. दोन हजार पोरं तिथं, पुस्तकांची खोलीच म्हणं आपल्या हायस्कुलाएवढी. पत्र आलंय, होस्टेलात खाटसुद्धा मिळालीय. आणि कशापायी? तर पाली शिकायचीय! आता बघा सर, आमी बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा ही वर्षाची होती, मांडीवर. दर रविवारी विहारात वंदना म्हणतो आमी, ती पालीतच असते, मला सगळी तोंडपाठ, अक्षर चुकत नाय — आणि ही सात वर्षांची असल्यापासनं इचारते, आई, ह्या शब्दाचा अर्थ काय, त्याचा काय? मी म्हणायची, गप, हात जोड. मला कुठं म्हाईत? आता म्हणते, मला दुसऱ्यानं सांगितलेला अर्थ नको, माझा मला लावता आला पायजे. तुमच्याकडं हाय का पाली? — मराठी, इतिहास, अर्थशास्त्र. तेवढंच. पुढं येईल? कधी? — नाय येणार. बरं. खरं बोललात.

पण मला इचाराल तर तुमचंच बरं. तिला नाय पटत, मला पटतं. का सांगू? माझा थोरला, मोरू — गेला होता तो असल्याच मोठ्या कालेजात. वर्गात दीडशे पोरं. हा मागच्या बाकावर. सगळं इंग्रजीत, ह्याला काय कळंना, आणि इचारायचं कुणाला? दिवाळीनंतर जायचाच बंद झाला. आणि घरी पत्र काय — अभ्यास चांगला चाललाय, तांदूळ पाठवा! मी पाठवतेय तांदूळ. वर्षभर पाठवले सर, कष्टाचे. आणि एवढ्या मोठ्या कालेजातला एक माणूस, एक शिपाई जरी म्हणाला असता, बाई, तुमचा मोरू दिसत नाय! नाय. कुणाला पत्ताच नाय. त्यालाबी लाज, सांगणार कसं? आता मस्जिद बंदराला गोदामात हमाली करतो. बुद्धजयंतीला येतो, माझ्याकडं बघत नाय, जेवतो, जातो. — म्हणून म्हणते, तुमचं बारा पोरांचं कालेज. तिथं एक पोरगी चार दिस आली नाय तर तुमी सायकल काढून कडावला याल. आलातच की आत्ता, नाव घातलं नाय तरी! हे शकूला सांगितलं तर म्हणते, मी काय मोरूदादा हाय का? बापाला इचारावं, तर तो ठाकुरवाडीला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर, आठवड्यानं येतो, जेवतो आणि म्हणतो, तिचं तिला ठरवू दे. बघा! सगळ्यांनी शहाणं व्हायचं, आणि वाईट कोण? मी.

काल सांच्याला तर हद्द झाली. हायस्कुलातला कारकून पदू, आमच्याच वाडीतला, शकूच्या बापाचा दोस्त. ही त्याच्या टेबलावर जाऊन भांडून आली. घरी आली ती तणतणत. म्हणाली, आई, परक्यानं अडवलं असतं तर मी समजले असते, पण आपल्याच माणसानं आपल्या पोरीचं असं वाटोळं करावं? मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.  आणि तो बिचारा पदूभावजी तरी किती दिस माझ्यापायी खोटं —

काय? नाय, काय नाय. पाणी घ्या अजून.

बरं, निघालंच तोंडातनं तर ऐका आता. शकूचा दाखला शाळेत नाय. पंधरा दिस झाले, माझ्याकडं हाय. बाजाराला गेले होते, म्हटलं झाला असंल तर घेऊन जाऊ, पोरीची खेप वाचंल. शपथेवर सांगते, तेवढ्यासाठीच गेले होते. पदूभावजींनी रजिस्टर पुढं केलं, मी अंगठा लावला, कागद पिशवीत घातला. आणि येष्टीत बसले तर मनात आलं — हा कागद आता माझ्या पिशवीत हाय, आणि ह्याच्याबिगर ती कुठंबी जाऊ शकत नाय. बस, तेवढंच आलं. कडाव येईस्तोवर दुसरं काय आलंच नाय मनात. दुसऱ्या दिवशी जाऊन पदूभावजींना हात जोडले, पोरगी आली तर सांगा अजून झाला नाय. ते म्हणाले, सोनुवैनी, हे काय बरं नव्हं. पण बोलले तसं. चार वेळा बोलले. ती त्यांना तोंडावर नाय नाय ते बोलली, तरी माझं नाव सांगितलं नाय त्यांनी.

कुठं ठेवला? — नका इचारू. — बाबासाहेबांच्या फोटोमागं. असं बघू नका सर! सगळ्या घरात तीच एक जागा, जिथं ती हात घालणार नाय. रोज सकाळी त्याच फोटोसमोर उभी राहून पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाय म्हणते. म्हणते आणि मग चुलीपाशी जाते. एका दिवशी तर चौथं शील, तेच खोटं न बोलायचं, तोंडातनं निघेचना, शकू म्हणाली आई, पाणी देऊ? मला रडू आलं. तिला वाटलं, मोरूची आठवण आली.

आणि आता परवा आषाढी पौर्णिमा. पौर्णिमेला ती फोटो उतरवते, काच पुसते, मागची जळमटं काढते. म्हणून तुमी आज आलात हे बरं झालं. थांबा — हात पुसते — हा घ्या. घडी पडलीय जराशी, फाटला नाय. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं हाय. तुमच्या कालेजात नाव घालून टाका. तेरा होतील ना तुमची? मी तिला सांगेन, पदूभावजींनी परस्पर तुमच्याकडं दिला — नाय, त्यांच्यावर नको अजून. काय तरी सांगेन. — मुंबईची शेवटची तारीख? उद्या. उद्याच हाय. मग काय झालं? एकदा उद्याचा दिस टळला की पोरगी निवळंल. रडंल, दोन दिस जेवणार नाय, मग जाईल तुमच्याकडं गुमान.

परत का देताय? तुमालाच तर पायजेत पोरं! — सही? कुणाची? मी अंगठा लावते की, कुठं लावू सांगा. — तिची? तिच्या हातची, तुमच्यासमोर? — म्हंजे तिला सांगावंच लागंल. हे आधी नाय का सांगायचं सर! मी इथं बसून घरातलं सगळं तुमच्यापुढं ओतलं, आणि तुमी आता सांगताय सही!

 शिव्या द्या. 

ती बघा, आली. बांधावरनं येतेय. एवढा पाऊस आणि छत्री मिटलेली हातात, म्हंजे आजबी भांडून आलीय. आजबी त्या माणसानं तोंड उघडलं नाय. केवढीशी दिसते बघा इथनं. आणि तिकडं दोन हजार पोरं. कोण बघणार हो हिच्याकडं तिथं? ताप आला तर कोण इचारंल? — नाय, तुमी नका सांगू काय, तुमाला कुठं म्हाईत. आज रातच्याला मोरूकडंच धाडते तिला. कालेजात नाव घालायची रांग कुठं लागते तेवढं तरी त्याला म्हाईत हाय, उद्या सकाळी उभा राहील बहिणीसाठी. एवढं तरी करंल.

उठा सर. नाय, चहा नाय टाकत आता. तुमचा वर्ग मोडला तर माझ्या नावानं खडे फोडू नका — वाईट वाटून घेऊ नका, तुमी चांगला माणूस हाय, तुमचं कालेजबी चांगलंच असंल. मला तर तेच पायजे होतं. मला पायजे होतं, तिला नाय. जा. सायकल घ्या आणि निघा, माझी काय शोभा व्हायची ती आम्हा मायलेकींतच होऊ दे. तिला वाटेत भेटलात तर एक शब्द बोलू नका. दाखला माझ्या हातनं गेला पायजे.

शकू! पाय नको धुऊस गं. तशीच ये आत. पाचची येष्टी गाठायचीय तुला.