आई पुराव्यात धरत नाय

...नाय, पण मला सांगा, म्हैस रानात सोडली तर संध्याकाळी ती परत येईल याचा कोण पुरावा मागतं का? नाय ना मागत? मग माझ्या पोरीचाच का मागितला? आमची मिताली हो! दुबईला होती, एका शेठच्या घरी त्याची म्हातारी सांभाळायला. आता तिकडंच गप राहावं की नाय? नाय! बाईसाहेबांना शिकायचंय. कुठं, तर आयर्लंडला. आणि काय, तर म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी करायची ते! अगो, माझी सासू खाटेवरून "पाणी, पाणी" करायची तेव्हा ही कानात वायरी घालून बसायची, आणि आता गोऱ्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढायला परीक्षा देणार! बरं, मी घरातून आयर्लंड सांगितलं, ते एसटी थांब्यापर्यंत जाईस्तोवर त्याचं थायलंड झालं. बाप्ये दात काढायला लागले. "काय वयनी, पोरगी थायलंडला काय शिकते?" म्हणलं, तुझ्या बायकोला पाठव, ती शिकून येऊन सांगंल.

तर तुमाला सांगते, व्हिसा. राहायचं दुबईत आणि मागायचा आयर्लंडचा, शिकायला जायचा. तिथल्या व्हिसाच्या हापिसातली मॅडम हिला म्हणाली, "तू इथली नाहीस, आमच्याकडची पण नाहीस, मग शिकून झाल्यावर जाणार कुठे?" ही म्हणाली, "घरी, इंडियाला." तर मॅडम म्हणते, "कशावरून?" घ्या! आपल्या घरी जायचं, ते कशावरून! लगेच मला फोन, "आई, मी परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे. घरी माझं काय आहे ते दाखवायचंय." मी म्हणलं, त्यात काय, मी हाय ना! सांग तिला, आई हाय! तर कशी म्हणते, "आई, तू नाही चालत. आई पुराव्यात धरत नाहीत. आया सगळ्यांनाच असतात."

ऐकलंत? जिच्या उवा काढल्या, जिच्या टायफॉइडला शहापूरच्या दवाखान्यात फरशीवर झोपले, जिच्यापायी दिराशी तोंड वाजवलं... ती मी पुराव्यात नाय!

मग काय धरतात? जमीन. आता आमच्या सातबाऱ्यावर नावं इतकी, की वाचता वाचता तलाठ्याच्या घशाला कोरड पडते, त्यातली निम्मी माणसं मेलेली, आणि आमचे मालक सावळाराम कुठंतरी तळाला लटकलेले. पोरीचं तर नावच नाय. मग राहिलं काय? नवरा! "आई, साखरपुडा दाखवू. खोटा. नुसते फोटो." खोटा! अगो, खरा करायला मी दारोदार फिरत होते तेव्हा हिचं नाक आभाळाला टेकलेलं. पण काय करता? परत येणार हे पटलं पाहिजे!

गेले मग मागच्या आळीत जनाकडं. तिचा हरेश, मुरबाडला कंपनीत जातो, टक्कल पडलं तरी त्याला बायको मिळत नाय. आणि या हरेशला मितालीनं आधी तोंडावर नाय म्हणलेलं हां. "हा घास चावतो तेव्हा भिंतीपलीकडे ऐकू जातं," म्हणाली होती. मी म्हणलं, "जने, पोरगा दे गो जरा. फोटोपुरता, उसना." म्हणलं आता झाडू घेऊन उठंल. तर ही हसली! "ने की बाय. तुझाच हाय." तिथंच मला कळायला पाहिजे होतं... जी बाई विरजणाला चमचाभर दही देत नाय, ती अख्खा पोरगा देते?

आता साखरपुडा म्हणजे नवरी पाहिजे. नवरी दुबईला. म्हणजे फोनवर. आणि फोनला रेंज पाहिजे! आमच्याकडं डोंगरात रेंज कुठं, तर डोळखांबच्या रस्त्याला एसटी थांबा हाय, त्याच्या कट्ट्यावर. झालं, तिथं मांडला पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर तांब्याला टेकून फोन, आणि फोनात मिताली, डोक्यावर ओढणी, पाठीमागं शेठचा फ्रिज. वडीलधारे म्हणून धर्माभाऊ. ते म्हणाले, "नवरीला कुंकू लावा." जनानं लावलं, बोट बरबटून, सरळ कॅमेऱ्यावर! आतून पोरगी ओरडते, "आई, सगळं लाल दिसतंय!" धर्माभाऊ म्हणाले, "शुभ हाय, शुभ हाय." ओटी भरायला गेले तर नारळ घरंगळला, नवरी उताणी. हरेशनं म्हसा गावच्या जत्रेतनं अंगठी आणलेली, ती घालायची कुठं? फोनला बोट नाय! शेवटी चार्जिंगच्या वायरीत घातली आणि त्या वायरीला त्यानं असं लाजत धरलं म्हणता... मला तर तिथंच एक ठेवून द्यावीशी वाटली.

आणि नेमकी तेवढ्यात शहापूरची गाडी आली! कंडक्टर बेल मारायचा विसरला, अख्खी गाडी खिडकीला लागली, आणि जना पळत पळत खिडक्यांतनं पेढे वाटते, "आमच्या हरेशचा साखरपुडा हाय! मुलगी फॉरेनला असते!" मी तिचा पदर ओढला, अगो जने, खोटा हाय ना? तर कानात म्हणते, "खोट्याला पण तोंड गोड करायला लागतं गो." संध्याकाळपर्यंत बातमी मुरबाडला पोचली.

गेले फोटो. मॅडम म्हणाली, "मागच्या लाल गाडीतले लोक कोण?" पोरगी म्हणाली, "रिलेटिव्ह आहेत सगळे." कंडक्टर पण रिलेटिव्ह! मॅडम हबकली. एवढा गोतावळा सोडून पोरगी जाईल कुठं? पटत आलं होतं हो, अगदी पटत आलं होतं! पण म्हणाली, एकदा नवऱ्या मुलाशी बोलते.

हरेशनं फोनवर बोलायला अंघोळ केली. सेंट मारला. बसला कट्ट्यावर, मी डोक्यावर उभी. तिकडनं मॅडमचा माणूस हिंदीतनं विचारतो, "शादी किधर करोगे?" "गाव में." "फिर लड़की किधर रहेगी?" "मेरे घर में." म्हणलं, जमलं! बैलाला जीभ फुटली! आणि मग त्यानं जाता जाता विचारलं, "वो पढ़ने जाएगी, तो आप इतने दिन अकेले कैसे रहोगे?" आणि या मेल्याचा ऊर भरून आला! म्हणतो, "अकेला कायको? मैं भी जाएगा ना उधर! पासपोर्ट निकाला, थंडी का जाकीट भी लिया!"

तिकडनं फोन ठेवला. मग मी पायातली काढली आणि त्याला ओढ्यापर्यंत पळवला, पण त्यानं काय व्हिसा मिळतो?

नाकारला. कारण काय, तर मुलगी परत येईल असं वाटत नाय. आणि शिकायला जायचं म्हणून हिनं व्हिसा हातात यायच्या आधीच शेठची नोकरी सोडलेली, तिकडं नोकरी नाय तर राहायला पण नाय. मग आली. परत आली! परत येणार नाय म्हणून जिला अडवली, ती दोन बॅगा घेऊन माझ्या ओटीवर बसलीय, आता त्या मॅडमला कोण बोलावून दाखवणार?

तरी म्हणलं, चला, साखरपुडा एसटीभर माणसांनी बघितलाय, आता खराच करून टाकू. मितालीला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "बघ तुला काय करायचं ते." चावण्याचा आवाज आता चालत होता हो तिला! म्हणजे किती मोडली असंल बघा. गेले जनाकडं. ती तांदूळ पाखडत होती, मान वर केली नाय.

"कायमची आली काय गो?"

"हो, कायमची."

"मग नको बाय."

"नको म्हणजे?"

"आमाला जाणारी पाहिजे होती. परत आलेली घेऊन काय करू? माझ्या पोरानं कंपनी सोडली तिच्यापायी." आणि आत हरेश, ऐन वैशाखात, ते जाकीट घालून गुडघ्यात डोकं खुपसून बसलेला. घामाच्या धारा. तरी काढत नाय!

खोटा साखरपुडा, तो खराखुरा मोडला! आता गावात कोण विचारतं खोटा होता की खरा? मोडलेली ती मोडलेली.

बाया येतात बघायला, च्यक च्यक करतात, "मिताली, आता काय गो करणार?" तर ही भिंतीकडं बघून म्हणते, "मी परत जाणार." परत जाणार? अगो, परत घरी येतात! घरातनं नुसतं जातात! तर माझ्याकडं न बघता पुन्हा तेच, "मी परत जाणार." काय बोलायचं? इतके दिवस मी ऊर फोडून जगाला सांगते, पोरगी परत येणार, परत येणार, तर एकाला पटलं नाय... आणि ही नुसती तोंडानं म्हणते, जाणार. जमीन नाय, फोटो नाय, नवरा नाय, आणि एक पण बाई तिला "कशावरून" म्हणून विचारत नाय हो. सगळ्यांना पटतं. मला तर सगळ्यांच्या आधी पटलं.