काळा रंग नसलेली पेटी

जमलेल्या आयाबायांनो, भावांनो,

मी पाट्या रंगवणारा माणूस. निजामाच्या राज्यात उर्दू पाट्या लिहिल्या, आता मराठी लिहितो. कुणी शिकवलं नाही. कळंबात माझं वाकडं अक्षर कुणी दाखवून द्यावं. पण इथं उभं राहून बोलायची मला सवय नाही.

आपल्या कन्याशाळेच्या चित्रकलेच्या बाई, सरूताई, गेल्या. तापानं गेल्या. पुन्हा सांगतो, तापानं गेल्या. कारण बाहेर वेगळंच बोललं जातंय. लोक म्हणतात, भिंतीवर चेहरा लागतो तो मेलेल्याचा. बाईंनी जित्या बायांचे चेहरे काढले, म्हणून त्या गेल्या, आता त्या बायांची पाळी. काही घरांनी आपली चित्रं मांजरा नदीत सोडायचं ठरवलंय, हे मला ठाऊक आहे.

पाण्याच्या रंगांची चित्रं ती. नदीत पडली की चेहरा जातो, नुसता कागद उरतो.

माझी बायको कौसल्या त्यांच्यासमोर बसली, तेव्हा मी तिथं होतो. लग्नापासून आमच्या घरात तिला 'काळी' म्हणूनच हाक. ती म्हणाली, "बाई, मला काळाच लावा. उगं गोरी करू नका."

ताई म्हणाल्या, "काळा माझ्या पेटीतच न्हाय गं."

मग निळ्यात तांबडी काव मिसळली. गालाखाली जांभळा, कपाळावर ओला हिरवट. डोळ्यातली चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. मी म्हणालो, पांढऱ्याचा ठिपका देऊ का?

"पेंटर, ही किराणा दुकानाची पाटी न्हाय. गप बसा."

कौसल्येनं चित्र हातात घेतलं. म्हणाली, "ही बाई कुणाला भिणारी दिसत न्हाय." त्या दिवसापासून 'काळी' म्हटलं की ती ओ देत नाही.

कालपासून तिला ताप आहे.

आई म्हणते, सभेहून येताना चित्र आण आणि नदीत सोड. मी घाबरलोय. खुळचट समजूत आहे, असं मलाही म्हणता येतं. पण तिच्या कपाळाला हात लावला की म्हणवत नाही. सकाळी तिलाच विचारलं, काय करू? ती म्हणाली, "ती मीच हाय. सोडायची तर तुमच्या हातानं सोडा. दुसऱ्याला देऊ नका."



ताईंनी स्वतःचा चेहरा कधी काढला नाही. म्हणून आज हार त्यांच्या रंगपेटीला घातलाय. जाताना बघा, त्यात काळा नाही. शेजारच्या टेबलावर चित्रं आहेत. जिचं तिनं घ्यावं. नदीकडं जाणाऱ्याला मी अडवणार नाही, तुमचीच भीती माझ्याही पोटात आहे. पण खिशात खिळा घेऊन आलोय. कौसल्येला अंथरुणावरून दिसेल अशा भिंतीवर तो ठोकून तिचं चित्र लावणार. हार नाही घालणार. आणि ते वाकडं लागणार नाही.

आता ताईंसाठी उभे राहू. गप्प राहू. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा.