हिरव्या लुगड्याची घडी

"हॅलो? … कोंडा नाई आज. … मालक फुलचूरले गेले. … जोरानं बोला! … बदकं? कोणती बदकं? … तलाव? … अवं माय, शामे, तू?"

"केवलरामभाऊ, इंजिन बंद करा! नागपूरहून शामकला बोलून राहिली!"

धानगिरणीचा धडधडाट थांबला. सुंदरबाईनं कोंड्यानं माखलेले हात लुगड्याला पुसले आणि फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. धाकट्या बहिणीचा आवाज महिनोन्‌महिने कानावर पडला नव्हता.

"हां, बोल. तीजेले माहेरी काऊन नाई आली? आपला भाऊ सेवकराम तुले न्यायले आला, अन् तुझ्या सासूनं त्याले चहा पाजून वापस धाडलं. म्हणे, शामकलाले फुरसत नाई. … असू दे. तुझं तीजेचं लुगडं ठेवलं आहे मी. हिरवं. … हो, हो… अवं ऐक ना, पैले मले बोलू दे!"

"… नवेगावचा तलाव पाहाचा आहे? दाखवीन की. लढाई संपली, आता सरकारी बंगल्यात साहेबलोकाची गर्दी बी नाई. … कोणता महिना? पुसात ये. थंडीत दूरदेशची बदकं उतरतात, तलाव काळा होऊन जाते. … आता? आता नाई वं. भादवा आहे हा! गवत माणसाच्या डोक्यावर. बैलाच्या रेंगीची चाकं चिखलात. जळवा. रानगवा समोर उभा राह्यला तरी दिसनार नाई. अन् पितरपाख लागलं. या पंधरवड्यात कोणी लेकीले घराबाहेर काढते का?"

पलीकडे शामकला खोकली. बराच वेळ खोकली.

"सर्दी झाली का? … आल्याचा काढा घे. … बरं, पूस नको त चैतात ये. मोहाचा वास पार गावापर्यंत येते. … काऊन नाई? … मंग वैशाखात! नाले आटतात, सारे जनावरं तलावावर पाण्याले येतात. बिबट, अस्वल, जे पाहिजे ते. … वैशाखात बी नाई? नवऱ्याले सुट्टी नाई का? … तू लहानपणापासून हट्टी. आजाच्या गाडीमागं रडत धावत होती, मले बी जंगलात न्या. अन् आजा दरवेळी एकच म्हणे, आता हंगाम नाई पोरी, पुढच्या साली. … हो, मले बी नाई नेलं कधी पोरपणी. मी त लगनानंतर पाह्यला."

ती हसली. पलीकडून खोकलाच आला.

"कोणाच्या घरून बोलून राहिली तू? … डॉक्टरच्या? … कायले? … शामे, तू डॉक्टरच्या खोलीत कायले?"

सुंदरबाई ऐकत राहिली. मुनीम केवलराम इंजिनाशी उभा होता. तिचा चेहरा पाहून त्यानं नजर दाराबाहेर वळवली.

"… कधीपासून? … रगत बी? … अन् सासू म्हणे फुरसत नाई! … दिवाळीपर्यंत? कोण म्हणते? डॉक्टर काय देव आहे? … नको रडू. … मी कुठं रडून राहिली? कोंडा उडते इथं, डोळ्यात जाते."

इंजिन बंद होतं. कोंडा खाली बसला होता.

"अवं ऐक. ऐक ना. आताच ये. … हो, भादव्यातच. भादवा चांगला आहे. … मी म्हटलं वाईट? मले काय समजते! पुसात पाणी उतरते, काठाले चिखल दिसते. आता तलाव काठोकाठ आहे, कमळं फुलली आहेत. … गवत? किती हिरवं असते वं ते! … जनावरं गवतात लपून आपल्याले पाहतात. पाहू दे. … जळवेले मीठ घेऊ. … बदकं आहेत ना. थोडी आहेत. बारा महिने राहतात ती. … चाकं फसली त सेवकराम उचलील. तू रेंगीत निजून राहाय, गादी टाकीन मी. … पितरपाख? आजा बी आता पितरातच आहे. त्याले दिसू दे तुले कोण नेऊन राह्यलं ते!"

"… कोण? एक्स्चेंजवाले? … तीन मिनटं झाली? भाऊ, बहीण आहे माही, तोडू नका. … शामे! छोट्या रेलगाडीनं देवलगावले उतर, आम्ही रेंगी घेऊन तिथंच… शामे? … हॅलो? … ऐकलं का तू? भादवा चांगला आहे! … हॅलो?"

नुसती खरखर आली. मग तीही थांबली.

सुंदरबाईनं फोन ठेवला, पदर डोळ्यांवरून फिरवला.

"केवलरामभाऊ, बैलाले चारा टाका. अन् सेवकरामले निरोप द्या, रेंगीची चाकं पाहून घे म्हणा."

पुसात तलाव बदकांनी काळा झाला. हिरव्या लुगड्याची घडी तेव्हाही मोडलेली नव्हती.